सख्ख्या बहिणी, पक्क्या वैरिणी!

एक मोठं घर. वडील नुकतेच वारलेत. मागे दोन मुली. मृत्युपत्र उघडलं जातं आणि कळतं, की इस्टेटीतला मोठा वाटा क्लाराला मिळालाय. व्हिक्टोरियाच्या पदरात त्यामानाने किरकोळ. तिला जो माणूस आवडतो, त्याचीही नजर क्लारावरच. शेवटी व्हिक्टोरिया एक विष मिळवते. झटक्यात जीव घेणारं नाही, तर हळूहळू भिनणारं आणि मागे खूण न सोडणारं. एके दिवशी ते क्लाराच्या पोटात जातं.

आता तुम्ही म्हणाल, ही तर रोज संध्याकाळी घरी चालू असणारी मालिका झाली! इस्टेट आहे, सोशिक बहीण आहे, काळ्या कपड्यातली कारस्थानी बहीण आहे. तिच्या चेहऱ्यावर तीन वेळा झूम केला आणि ढँणढँण संगीत टाकलं की झाला एपिसोड.

गंमत म्हणजे १९७२ साली आलेला 'मॉर्गियाना' हा चेक सिनेमा नेमकी हीच गोष्ट सांगतो, आणि मालिकेसारख्याच भडक पद्धतीने सांगतो. डोळे वटारणं, भल्यामोठ्या हॅट, आरसे, पडदे, सगळं डोक्यावरून पाणी. तरीही तो संपल्यावर तुम्ही मोबाइल हातात घेत नाही, थोडा वेळ तसेच बसून राहता. कारण या दोन्ही बहिणी एकाच नटीने साकारल्यात, आणि दिग्दर्शकाला त्यातून जे म्हणायचं होतं, ते म्हणायला त्याला मनाई झाली होती.

एक चेहरा, दोन शिक्के

डबल रोल आपल्याला नवा नाही. 'मॉर्गियाना' आला त्याच वर्षी, म्हणजे १९७२ मध्ये, आपल्याकडे 'सीता और गीता' आला. एक मुकाट सोसणारी, दुसरी फटाकडी. हेमा मालिनीच्या त्या दोघी एकमेकींच्या जागी जातात आणि प्रेक्षक खूश होऊन घरी जातो. आपल्या डबल रोलमध्ये दोघांचा चेहरा एकसारखा असतो आणि त्यावरून होणारा घोटाळा हीच खरी गंमत असते.

'मॉर्गियाना'त मात्र उलटं आहे. चेहरा एकच आहे, पण पडद्यावरच्या कोणालाही त्या सारख्या दिसत नाहीत. इवा यान्झुरोव्हा या चेक अभिनेत्रीने क्लारा आणि व्हिक्टोरिया दोघी केल्यात. क्लारा म्हणजे लालसर सोनेरी कुरळे केस, फिके कपडे, मऊ आवाज. व्हिक्टोरिया म्हणजे काळे केस, काळे कपडे, डोळ्यांभोवती गडद रंग आणि आवळलेले ओठ. सिनेमाबद्दल काहीच माहीत नसताना बघायला बसलात, तर बराच वेळ ही एकच बाई आहे हे लक्षातही येत नाही. मग कधीतरी एका प्रसंगात नाकाची ठेवण किंवा हसताना हलणारा गाल ओळखीचा वाटतो आणि अंगावर काटा येतो.

हे १९७२ साली करणं म्हणजे काय होतं, याचाही विचार करा. आज संगणकावर दोन चेहरे एका फ्रेममध्ये बसवणं सोपं झालंय. तेव्हा एकाच नटीला दोनदा दाखवायचं तर कॅमेरा जागचा हलू द्यायचा नाही, फ्रेमचा अर्धा भाग झाकून एकदा चित्रण करायचं, मग दुसरा अर्धा. किंवा समोर पाठमोरी दुसरी बाई उभी करायची. समोर कोणी नसताना आपल्याच पुढच्या वाक्याला प्रतिक्रिया द्यायची. मधल्या वेळात अख्खा मेकअप, केस, कपडे बदलून यायचं. आणि हे सगळं करून नटीने आपल्याला विसरायला लावायचं, की ती एकटीच आहे.

यान्झुरोव्हा ते करते. पण तिची खरी कमाल वेगळीच आहे. तिने व्हिक्टोरियाला नुसती 'व्हिलन' ठेवलेली नाही. विष दिल्यावर व्हिक्टोरिया सुटत नाही, अडकते. ज्या बाईकडून विष घेतलं, ती पैशासाठी ब्लॅकमेल करायला लागते. क्लारा मरतेय का? विष खरंच होतं ना? कोणाला संशय आला का? या प्रश्नांनी आतून कुरतडली जाते ती व्हिक्टोरियाच. इकडे क्लारा आजारी, तिकडे व्हिक्टोरिया भीतीने अर्धी. दोघींची परवड सिनेमा शेजारीशेजारी ठेवतो, आणि हळूहळू आपल्याला पडलेला 'कोण चांगली, कोण वाईट' हा प्रश्नच मागे पडतो.

मांजराच्या डोळ्यांनी

सिनेमाचं नाव दोघींपैकी कोणाचंच नाही. मॉर्गियाना आहे मांजर, व्हिक्टोरियाची सयामी मांजर.

नाव ओळखीचं वाटतंय? 'अलीबाबा आणि चाळीस चोर' आठवा. तेलाच्या बुधल्यांत लपलेल्या चोरांना उकळतं तेल ओतून मारणारी हुशार मर्जिना. तेच नाव युरोपात मॉर्गियाना झालं. घरात गुपचूप वावरणारी आणि सगळं पाहणारी बाई म्हणजे ती. इथे ते काम मांजराकडे आलंय.

सिनेमातले काही शॉट चक्क या मांजराच्या नजरेतून घेतलेत. कॅमेरा जमिनीलगत येतो, धावतो, जिन्यावरून उतरतो, माणसांकडे खालून बघतो. लेन्स इतकी रुंद आहे, की खोल्या फुगतात, भिंती वाकतात आणि जवळ आलेला चेहरा राक्षसासारखा मोठा होतो. फोनमध्ये ०.५ मोडवर कोणाचा तरी जवळून फोटो काढला की कपाळ कसं ताणल्यासारखं दिसतं, तसंच. आपण ते हसण्यासाठी करतो. छायालेखक यारोस्लाव कुचेराने ते घाबरवण्यासाठी केलंय.

कुचेरा म्हणजे साधा माणूस नव्हे. व्हेरा खितिलोव्हा या दिग्दर्शिकेचा 'डेझीज' (१९६६) त्यानेच चित्रित केला होता. मारी नावाच्या दोन मुली जगाची मोडतोड करत सुटतात, असा तो रंगांचा धिंगाणा आजही फिल्म क्लबात हमखास दाखवला जातो. 'मॉर्गियाना'त कुचेराचे रंग जास्त गडद आणि आजारी झालेत. विष चढल्यावर क्लाराला जग बदललेलं दिसायला लागतं, रंग फुटतात, कडा वितळतात. आणि तिला चक्क तिच्यासारखीच दुसरी बाई दिसू लागते. हा प्रसंग ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

घर, कपडे, दागिने सगळं विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आर्ट नूव्हो शैलीतलं आहे. वेलींसारख्या वळणाऱ्या रेषा, फुलांनी लगडलेल्या हॅट, झुळझुळीत पायघोळ झगे. अल्फोन्स मुखा या चेक चित्रकाराची पोस्टर तुम्ही नाव माहीत नसतानाही पाहिली असतील. केसांच्या लाटा आणि डोक्यामागे नक्षीदार वर्तुळ असलेल्या त्या बायका अजूनही टी-शर्ट आणि वह्यांवर दिसतात. 'मॉर्गियाना' बघताना वाटतं, त्या पोस्टरमधल्या दोघी खाली उतरल्यात आणि एकमेकींच्या जिवावर उठल्यात. सोबत लुबोश फिशरचं संगीत आहे. ते अंगाई गात असल्यासारखं गोड सुरू होतं आणि नंतर तुम्हाला झोपू देत नाही.

जुना वाडा, मृत्युपत्र, विष, कडेकपारी, मनात दडवलेला गुन्हा हे सगळं ज्या प्रकारच्या कथांमध्ये येतं, त्यांना गॉथिक म्हणतात. धारप-मतकरी वाचून वाढलेल्यांना हा मसाला नवा नाही. भूत दिसो न दिसो, घरच माणसाला खातं, हे त्यांना माहीत असतं.

रणगाडे आल्यानंतर

आता थोडा इतिहास. घाबरू नका, परीक्षेला नाहीये. पण तो कळला की हा सिनेमा वेगळाच दिसायला लागतो.

१९६०च्या दशकात चेकोस्लोव्हाकियात एकाहून एक भन्नाट सिनेमे बनत होते. मिलोश फोरमन, यिरी मेन्झेल, खितिलोव्हा असे पोरसवदा दिग्दर्शक सरकारी पैशातून सरकारचीच टोपी उडवत होते. १९६८ मध्ये अलेक्झांडर दुब्चेक यांच्या नेतृत्वाखाली देशात मोकळं वारं सुटलं. वर्तमानपत्रांवरची सेन्सॉरशिप उठली. त्याला 'प्राग स्प्रिंग' म्हणतात, म्हणजे प्रागचा वसंत. तो वसंत ऑगस्टपर्यंतच टिकला. २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत युनियन आणि त्याच्या मित्रराष्ट्रांचे रणगाडे देशात घुसले. पुढच्या वर्षी दुब्चेक यांच्या जागी गुस्ताव हुसाक आले आणि सुरू झालं 'नॉर्मलायझेशन'. शब्द किती साधा! सगळं पुन्हा 'नॉर्मल' करायचं. म्हणजे माणसांना नोकऱ्यांवरून काढायचं, पुस्तकं मागे घ्यायची, सिनेमे तिजोरीत बंद करायचे.

हे शब्दशः झालं. मेन्झेलचा 'लार्क्स ऑन अ स्ट्रिंग' १९६९ मध्ये तयार झाला आणि तसाच डब्यात गेला. तो बाहेर आला १९९० मध्ये आणि त्याच वर्षी बर्लिन महोत्सवात त्याला सर्वोच्च गोल्डन बेअर मिळाला. एकवीस वर्षं! म्हणजे आज कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या पोराचं अख्खं आयुष्य. फोरमन अमेरिकेला निघून गेला आणि पुढे 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट'साठी ऑस्कर घेतलं. खितिलोव्हाला कित्येक वर्षं काम मिळेना.

'मॉर्गियाना'चा दिग्दर्शक युराय हर्झ या सगळ्यांच्याच पिढीचा, पण त्यांच्यातला नव्हे. बाकीचे बहुतेक प्रागच्या फिल्म स्कूलमधले. हर्झने ब्रातिस्लाव्हात फोटोग्राफी शिकली आणि प्रागमध्ये बाहुलीनाट्य. तिथे त्याचा सहाध्यायी होता पुढे अॅनिमेशनमध्ये जगप्रसिद्ध झालेला यान श्वांकमायर. योगायोग असा, की दोघांचा जन्म एकाच दिवशीचा, ४ सप्टेंबर १९३४. फिल्म स्कूलची पदवी नसल्यामुळे हर्झ कायम थोडा बाहेरचाच राहिला.

आणि त्याच्या लहानपणाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. स्लोव्हाकियातल्या केझमारोक गावच्या एका ज्यू कुटुंबात तो जन्मला. दहा-एक वर्षांचा असताना त्याला रावेन्सब्रुक आणि झाक्सनहाउझन या नाझी छळछावण्यांत टाकलं गेलं. तो जगला. भीती या माणसाने पुस्तकात वाचलेली नव्हती.

१९६९ मध्ये त्याने 'द क्रिमेटर' केला, लादिस्लाव फुक्स यांच्या कादंबरीवरून. शवदाहगृहात काम करणारा एक अतिसभ्य, गोडबोल्या, कुटुंबवत्सल माणूस नाझी विचारांच्या नादी लागून हळूहळू काय होतो, याची ही गोष्ट. रुडॉल्फ ह्रुशिन्स्कीने त्यात केलेलं काम बघून रात्री दिवा लावून झोपावंसं वाटतं. नव्या राजवटीला सिनेमातला गोडबोल्या आज्ञाधारक माणूस झोंबला असणार. तोही सिनेमा पडद्यावरून गायब झाला आणि कम्युनिस्ट राजवट कोसळेपर्यंत चेक प्रेक्षकांना पुन्हा दिसला नाही.

मग हर्झने काय करावं? देशातला सिनेमा १९४५ पासून सरकारी मालकीचा. खासगी निर्माता वगैरे भानगडच नाही. बारान्दोव स्टुडिओच्या अधिकाऱ्यांनी पटकथा मंजूर केली तर काम, नाहीतर घरी बसा. म्हणून जुन्या काळातल्या गोष्टी, ज्यात आजचं राजकारण कुणाला सहज दिसणार नाही. १९७१ मध्ये त्याने 'ऑइल लॅम्प्स' केला, यान्झुरोव्हालाच घेऊन. त्यानंतर निवडली अलेक्झांडर ग्रीन या रशियन लेखकाची १९२९ मधली 'जेसी आणि मॉर्गियाना' ही कादंबरी.

ग्रीन (१८८०-१९३२) मोठा मजेशीर लेखक. रशियात राहून त्याने गोष्टी लिहिल्या कल्पनेतल्या बंदरांच्या, जहाजांच्या, कुठल्याच नकाशात नसलेल्या देशाच्या. एका समीक्षकाने त्या देशाला नावच देऊन टाकलं, ग्रीनलँडिया. अशा लेखकावर बेतलेल्या सिनेमाला रशियाकडे तोंड करून बसलेले अधिकारी 'पाश्चात्त्य कचरा' म्हणणार तरी कसे? शिवाय गोष्टीला ना देश, ना ओळखीचं गाव. चेकोस्लोव्हाकियाला समुद्र नाही, आणि सिनेमात मात्र कडे आहेत, खाली फेसाळणारा समुद्र आहे. तिथे काहीही घडू शकतं.

जे दाखवायचं होतं, तेच नको

आता येतो मुख्य मुद्दा.

ग्रीनच्या कादंबरीत मॉर्गियाना हे दुष्ट बहिणीचंच नाव आहे. हर्झने ते मांजराला दिलं आणि बहिणी झाल्या क्लारा आणि व्हिक्टोरिया. पण त्याच्या डोक्यात याहून मोठा बदल होता. त्याने नंतर मुलाखतींतून सांगितलं, की त्याला शेवटी उघड करायचं होतं, की या दोन बहिणी नाहीतच. एकच बाई आहे, दुभंगलेली. क्लाराही तीच, व्हिक्टोरियाही तीच. एकाच नटीला दोन्ही भूमिका देण्यामागचं कारण हेच.

वरून नकार आला. हे काढून टाका.

का, याचा अंदाज बांधणं कठीण नाही. सरकारी कलेला हवी होती निरोगी, ठाम, सरळ माणसं. चांगला तो चांगला, शत्रू तो शत्रू. ज्या बाईत दोन्ही एकत्र नांदतात, आणि कोणती खरी हे तिलाच माहीत नाही, अशी बाई त्यांच्या हिशोबात बसत नव्हती. बाहेर तर त्या वेळी सगळा देशच असा जगत होता. ऑफिसात एक बोलायचं, स्वयंपाकघरात दुसरं. सभेत टाळ्या वाजवायच्या, घरी येऊन आवाज खाली करून परदेशी रेडिओ ऐकायचा. दुभंगलेली माणसं पडद्यावर कशाला, रांगेत उभी होती.

तर शेवट बदलला. कागदावर त्या दोन बहिणी झाल्या. अधिकारी खूश.

पण चेहरा? तो कापता आला नाही.

यान्झुरोव्हा दोन्हीकडे आहेच. क्लाराला तापात दिसणारी तिच्यासारखीच दुसरी बाई आहेच. आरसे आहेत. जिने चढणारी एक आणि उतरणारी दुसरी आहे. काढून टाकायला लावलेली कल्पना संवादात कुठेच नाही, आणि प्रत्येक फ्रेममध्ये आहे. आजचा प्रेक्षक, ज्याला त्या अधिकाऱ्यांची नावंही माहीत नाहीत, तो अर्ध्या तासात विचारतो, 'अरे, या दोघी एकच तर नाहीत ना?' हा प्रश्न त्याला कोणी पढवलेला नसतो. सेन्सॉर पटकथा वाचतो. आपण सिनेमा बघतो. या दोन्हीच्या मधली जागा हर्झने वापरली.

नुसती सजावट?

या सिनेमावरचा नेहमीचा आक्षेप असा, की दिसतो भारी, आत काही नाही. हॅट, लेन्स, रंग, मांजर, बस्स. स्वतः हर्झसुद्धा या सिनेमावर फार खूश नव्हता. काम हातातून सुटू नये म्हणून केलेला रियाज, अशाच सुरात तो त्याबद्दल बोलायचा. 'क्रिमेटर' त्याला जवळचा. आणि खरंय, 'क्रिमेटर'सारखा हातोडा 'मॉर्गियाना' मारत नाही. मध्ये काही ठिकाणी तो रेंगाळतो, ब्लॅकमेलचा भाग थोडा ताणलाय, आणि पुरुष पात्रं म्हणजे कपड्यांच्या दुकानातले पुतळे. हे सगळं मान्य.

पण 'नुसती सजावट' हे पटत नाही. ज्या देशात सरळ वाक्य बोलायला बंदी आहे, तिथे माणूस वाकडं बोलायला शिकतो. मग रंग बोलतात, लेन्स बोलते, टोपीवरचं पिसही बोलतं. या सिनेमातला भडकपणा म्हणजे दिग्दर्शकाने तोंड बंद असताना केलेले हातवारे आहेत. ते मोठे असणारच. हर्झला बहुधा काय करता आलं नाही हेच आयुष्यभर दिसत राहिलं. आपल्याला काय शिल्लक राहिलं ते दिसतं, आणि ते थोडंथोडकं नाही.

पुढेही तो असाच आडवाटेने चालत राहिला. परीकथा मिळाली तर परीकथा. त्याचा 'ब्यूटी अँड द बीस्ट' (१९७८) बघा, डिस्नेची आठवण पुसून जाईल. 'फेराट व्हॅम्पायर' (१९८२) मध्ये पेट्रोलऐवजी माणसाच्या रक्तावर चालणारी गाडी आहे! १९८७ मध्ये तो पश्चिम जर्मनीत निघून गेला, नंतर परतला. २०१८ मध्ये प्रागमध्ये त्याचं निधन झालं.

घरातली क्लारा, घरातली व्हिक्टोरिया

मग पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच्या या चेक सिनेमाचं आपण काय करायचं?

एक करता येईल. आपल्याकडे गोष्टीतल्या राण्याही जन्मतःच 'आवडती' आणि 'नावडती' असतात. का आवडती, का नावडती, कोणी विचारत नाही. घराघरांतही तेच. 'ही आमची हुशार, ही जरा तशीच.' 'तो शांत, हा वांड.' पाहुण्यांसमोर हसत हसत मारलेला शिक्का पुढची वीस वर्षं पुसला जात नाही. मावसबहिणीचे मार्क, चुलतभावाचं पॅकेज, कोणाचा रंग उजळ, कोणाचे केस सरळ. शिक्का बसला की माणूस तसंच वागायला लागतो. 'गोड' मुलीला चिडायची सोय उरत नाही आणि 'खडूस' मुलीला रडायची.

'मॉर्गियाना'तल्या बापाने मृत्युपत्रातून नेमकं हेच केलं. एकीला सगळं, दुसरीला उरलंसुरलं. सिनेमा व्हिक्टोरियाचा गुन्हा माफ करत नाही. विष म्हणजे विषच. पण तो एकच चेहरा समोर ठेवून सतत विचारत राहतो, की वाटणी उलटी झाली असती तर? काळे कपडे क्लाराने घातले असते का? ही बाई जन्मतःच अशी होती, की तिला अशी होण्यासाठी जागा करून दिली गेली? यान्झुरोव्हाच्या गालावर नुसता मेकअप बदलतो. खालचं हाड तेच असतं.

शेवट सांगणार नाही. बघणाऱ्याचा घास का काढा! एवढंच सांगते, मांजरावरची नजर हलवू नका. सगळे एकमेकांवर संशय घेत असतात तेव्हा सगळं पाहिलेलं असतं एकटीने, आणि ती कोणालाच काही सांगत नाही.

आवडला तर पुढे हे बघा

- द क्रिमेटर (१९६९): हर्झचाच, आणि त्याचा सगळ्यात नावाजलेला. सभ्य माणसाची भीती वाटायला लागेल.
- डेझीज (१९६६): कुचेराचा कॅमेरा, खितिलोव्हाचा खट्याळपणा. मैत्रिणींसोबत बघण्याचा सिनेमा.
- व्हॅलेरी अँड हर वीक ऑफ वंडर्स (१९७०): वयात येणारी मुलगी, रक्तपिपासू, स्वप्नं. संगीत पुन्हा लुबोश फिशरचंच.
- व्हॉटेव्हर हॅपन्ड टू बेबी जेन? (१९६२): हॉलिवूडच्या दोन वैरी बहिणी, बेट डेव्हिस आणि जोन क्रॉफर्ड. जेवणाचं ताट बघायचीही भीती वाटेल.

एक सूचना. 'मॉर्गियाना' फोनवर बघू नका. कॉलेजच्या फिल्म क्लबला पटवा, एखादी वर्गखोली मिळवा, पडदे ओढा, प्रोजेक्टर लावा. आणि शेजारी सख्खी बहीण बसवा. संपल्यावर तिच्याकडे बघाल, तेव्हा तीही तुमच्याकडेच बघत असेल.